‘आणि’ कुठे, ‘किंवा’ कुठे?

मूल अकरावीत गेलं की त्याच्या गणिताच्या वहीशी आपला संबंध संपला, असं बहुतेक आया धरून चालतात. नववी-दहावीपर्यंत कसंबसं निभावलेलं असतं, पुढे क्लासचे सर आहेतच. पण संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना केव्हातरी ती वही ओट्यावर येऊन पडते आणि तिच्यात लिहिलेलं असतं : −३ < २क्ष + १ ≤ ९. बरोबरचं चिन्ह कुठेच नाही. दोन्ही बाजूंना आकडे, मध्ये क्ष अडकलेला. “हे सोडवायचं म्हणजे काय करायचं?” असं मूल विचारतं आणि आपण म्हणतो, “बाबांना विचार.”

मैत्रिणींनो, बाबांना जरूर विचारू द्या. पण हा भाग तुम्हालाही समजण्यासारखा आहे, आणि खरं सांगायचं तर बाबांपेक्षा तुमच्या जास्त कामाचा आहे. याला म्हणतात संयुक्त असमानता. नाव जड आहे, वस्तू रोजच्या वापरातली आहे.

समीकरण आपल्याला एकच एक उत्तर देतं. ‘चहात साखर दोन चमचे’ हे समीकरण झालं. ‘दोन चमच्यांपेक्षा जास्त नको’ ही असमानता; म्हणजे एकही चालेल, दीडही चालेल, मुळीच नसली तरी चालेल. आणि ‘एक चमचा तरी हवीच, पण तीनच्या वर नको’ असं म्हटलं की दोन अटी एकत्र आल्या. ही झाली संयुक्त असमानता. उत्तर एक आकडा नसून आकड्यांचा एक पट्टा आहे, एवढं मनाशी पक्कं केलं की निम्मी भीती जाते.

आता चिन्हं. < आणि > यांचं उघडं तोंड नेहमी मोठ्या आकड्याकडे आणि टोक लहान आकड्याकडे. खाली आडवी रेघ असली, म्हणजे ≤ किंवा ≥ असलं, तर ‘किंवा बरोबर’ हे शब्द त्यात जोडायचे. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या गृहस्थाने १५५७ साली वापरात आणलं. लहान-मोठ्याची चिन्हं छापून यायला मात्र १६३१ साल उजाडलं. ती थॉमस हॅरियट या इंग्लिश गणितज्ञाच्या पुस्तकात आली, आणि तेही तो वारल्यानंतर दहा वर्षांनी! तेव्हा मुलाला ही चिन्हं उलटसुलट वाटली तर लगेच रागावू नका. जाणत्या गणितज्ञांचंही त्यांच्यावाचून बरीच शतकं चाललं होतं.

त्या खालच्या रेघेकडे मात्र नीट बघायला शिकवा. मतदानाला अठरा वर्षं पूर्ण लागतात. बरोबर अठरा झालेल्या मुलीलाही हक्क आहे. म्हणजे वय ≥ १८. कुणी ‘अठराच्या वर’ असं ऐकून वय > १८ लिहिलं, तर नुकती अठरा झालेली मुलगी बाहेर राहिली. संख्यारेषेवर हाच फरक ठिपक्याने दाखवतात. टोकाचा आकडा आत धरायचा असेल तर भरलेला ठिपका, धरायचा नसेल तर पोकळ गोल. परीक्षेत या ठिपक्याचे गुण जातात आणि व्यवहारात अर्ज परत येतो.

दोन्ही अटी एकदम

संयुक्त असमानता दोन जातींच्या. पहिलीत दोन अटी ‘आणि’ने जोडलेल्या असतात. घरात कुणाला मधुमेह असेल तर इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुपीवरचं लेबल वाचा. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. तापमानाला त म्हटलं तर :

२ ≤ त ≤ ८

ही खरं तर दोन वाक्यं आहेत. त हा २ पेक्षा कमी नको, आणि त हा ८ पेक्षा जास्त नको. दोन्ही एकाच वेळी पाळली गेली पाहिजेत. ‘थंड हवं ना, मग फ्रीझरमध्येच ठेवते’ असं म्हणणारीने दुसरी अट पाळली आणि पहिली मोडली. गोठलेलं इन्शुलिन नंतर वितळून दिसायला पूर्वीसारखं दिसलं तरी वापरायचं नसतं. कुपी फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको.

हे रेषेवर काढायचं तर अंगणातली कपड्यांची दोरी डोळ्यांसमोर आणा. एक लांब चादर २ पासून उजवीकडे पसरली आहे, दुसरी ८ पासून डावीकडे. जिथे चादरीवर चादर आली आहे तेवढाच भाग आपला. मुलांच्या पुस्तकात याला दोन संचांचा छेद म्हणतात.

चादरी एकमेकींपर्यंत पोचल्याच नाहीत तर? क्ष < ३ आणि क्ष > ७ असं गणित आलं तर उत्तर एकही नाही. तीनपेक्षा लहान असून सातपेक्षा मोठा असा आकडा जन्माला यायचा आहे. मुलं अशा वेळी गोंधळून काहीतरी आकडा लिहून टाकतात. ‘उकल नाही’ हेही उत्तरच आहे, हे त्यांना सांगावं लागतं. (पूर्वीच्या काही ‘वधू पाहिजे’ जाहिराती आठवा. वय बावीसच्या आत, आणि शिक्षण व नोकरीचा अनुभव मिळून सात-आठ वर्षांचा! अशी मुलगी मिळत नाही म्हणून मग स्थळांना नावं ठेवायची. तिथेही उकल नव्हतीच.)

एक पुरे

दुसऱ्या जातीत ‘किंवा’ असतं. दोनपैकी कुठलीही एक अट पाळली गेली की काम झालं. शिजवलेल्या अन्नाचं बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवावं, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड करावं. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, म्हणून साध्या खोलीतल्या हवेत असं अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. गणिताच्या भाषेत सुरक्षित तापमान :

त < ५ किंवा त > ६०

इथे रेषेवर दोन वेगळे तुकडे पडतात, मध्ये रिकामी जागा. पातेलंभर आमटी ‘निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवू’ म्हणून संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहते, ती नेमकी त्या रिकाम्या जागेत. दोन-तीन पसरट भांड्यांत काढली तर लवकर निवते आणि लवकर आत जाते.

आता मुलांची हमखास होणारी चूक. वरची गोष्ट आटोपशीर लिहायच्या नादात ती लिहितात : ६० < त < ५. दिसायला ऐटबाज! पण मधला त बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. ६० हे ५ पेक्षा लहान? झालं, खोटं पकडलं. तीन मजली असमानता फक्त ‘आणि’साठी चालते, ‘किंवा’ची दोन वाक्यं नेहमी वेगवेगळी लिहायची. हा बोटाचा उपाय मुलांना जरूर शिकवा. गणित सोडवता न येणाऱ्या आईलाही तो वापरता येतो.

बोलण्यातलं ‘आणि’

इथे खरी गोम आपल्या बोलण्यात आहे. आपण म्हणतो, “पाच वर्षांखालची मुलं आणि साठ वर्षांवरची माणसं आधी जेवायला बसू देत.” तोंडातून ‘आणि’ गेलं. मूल ते जसंच्या तसं लिहितं : वय < ५ आणि वय > ६०. या हिशेबाने पंगतीला कुणीच बसणार नाही, कारण पाचाच्या आत असून साठीच्या पुढचा माणूस कुठून आणायचा? आपल्याला म्हणायचं होतं ‘किंवा’. पंगतीत दोन्ही गट बसले म्हणून आपण ‘आणि’ म्हटलं. पण आत जाणाऱ्या एकेका माणसाला एकच अट लागू होते.

म्हणून शब्दावर जाऊ नये, एकाच माणसाला समोर उभं करून विचारावं : याला दोन्ही अटी पाळायच्या आहेत, की एक पुरे? दोन्ही असतील तर ‘आणि’, एक पुरत असेल तर ‘किंवा’.

‘किंवा’चंही तसंच. पाहुण्यांना आपण “चहा घेणार किंवा कॉफी?” असं विचारतो तेव्हा दोन्ही मागू नयेत अशी अपेक्षा असते. गणितातलं ‘किंवा’ जास्त उदार आहे. पहिली अट पाळली तरी चालेल, दुसरी पाळली तरी चालेल आणि दोन्ही पाळल्या तर आनंदच. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे.

रक्तदाबाचे दोन आकडे

रक्तदाब मोजला की दोन आकडे मिळतात, वरचा आणि खालचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून दोन्ही दिवशी वरचा आकडा १४० किंवा जास्त आला, किंवा खालचा ९० किंवा जास्त आला, तर तो वाढलेला रक्तदाब समजतात. वरच्याला व आणि खालच्याला ख म्हणू :

व ≥ १४० किंवा ख ≥ ९०

आता एखाद्या बाईचा कागद बघा. १२८ / ९४. तिला विचारा, ती म्हणेल, “वरचा बरा आहे की! खालचा थोडा वाढलाय, दगदग झाली असेल.” तिने मनातल्या मनात ‘किंवा’चं ‘आणि’ केलं. दोन्ही आकडे वाढले तरच आजार, असं तिने ठरवून टाकलं. नवऱ्याच्या कागदावर हेच आकडे असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेऊन बसवलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र गणितही सोयीचं करून घेतलं! खालचा आकडा एकटा ९० च्या वर असला तरी अट पूर्ण झाली. पुन्हा मोजायला हवं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं.

घरात गरोदर मुलगी किंवा सून असेल तर याबाबत जराही ढिलाई नको. गरोदरपणातही हीच १४० किंवा ९० ची रेघ धरतात, आणि तिथे वाट बघायची नसते. एकदा जरी कुठलाही एक आकडा रेघेला टेकला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सोबत डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या येणं, चेहऱ्या-हातांवर सूज यांपैकी काही असेल तर सरळ दवाखाना गाठायचा. “माझ्या वेळी मलाही सूज होती” हे सासूबाईंचं उत्तर इथे चालत नाही.

यातून बीजगणिताचा एक नियम आपोआप हाती येतो. रक्तदाब वाढलेला नाही असं केव्हा म्हणायचं? व < १४० आणि ख < ९०, दोन्ही एकदम. म्हणजे एखादं वाक्य उलटं केलं की त्यातल्या अटी तर उलटतातच, शिवाय ‘किंवा’चं ‘आणि’ होतं आणि ‘आणि’चं ‘किंवा’. अन्नाच्या तापमानातही हेच झालं होतं. सुरक्षित म्हणजे ५ च्या खाली किंवा ६० च्या वर. तर धोक्याचं म्हणजे ५ पासून पुढे आणि ६० पर्यंत, ५ ≤ त ≤ ६०.

कायद्याने हाच नियम एका मोठ्या ठिकाणी वापरला आहे. लग्नाला मुलीची १८ वर्षं पूर्ण आणि मुलाची २१ वर्षं पूर्ण हवीत. दोन्ही अटी, मध्ये ‘आणि’. मग बालविवाह कशाला म्हणायचं? २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगतो की दोघांपैकी कुणीही एक अज्ञान असला तरी तो बालविवाह. मुलगी < १८ किंवा मुलगा < २१. “मुलगा चांगला सव्वीस वर्षांचा, कमावता आहे, मुलीला काय, सहा महिने कमी आहेत” असं गावाकडून आलेल्या पत्रिकेबरोबर ऐकू आलं, तर मुलाच्या सव्वीस वर्षांनी मुलीचे सहा महिने भरून निघत नाहीत, हे ठामपणे सांगता आलं पाहिजे. ‘किंवा’ला एक बाजू पुरते.

आता सोडवायचं कसं?

नातवाचं बारसं आहे. हॉलचं भाडं ५,००० रुपये, जेवणाचं ताट २५० रुपये. मालक म्हणतो, भाडं आणि जेवण मिळून बिल ३०,००० च्या खाली गेलं तर हॉल देत नाही. आपल्या हातात आहेत ४५,०००. माणसं किती बोलवायची? माणसांना क्ष म्हणू :

३०,००० ≤ ५,००० + २५०क्ष ≤ ४५,०००

तिन्ही घरांत एकच गोष्ट करायची, हा यातला सगळा नियम. मधल्या घरातून ५,००० काढले तर डावीकडून आणि उजवीकडूनही काढायचे : २५,००० ≤ २५०क्ष ≤ ४०,०००. मग तिन्ही घरांना २५० ने भागायचं : १०० ≤ क्ष ≤ १६०. शंभरापेक्षा कमी माणसं नकोत, एकशेसाठापेक्षा जास्त परवडत नाहीत. मुलं बरेचदा मधल्या आणि उजव्या घरात वजाबाकी करतात आणि डाव्या घराला विसरतात. वाढताना कोपऱ्यातलं एक पान राहून जावं तसं ते घर राहतं.

आता सुरुवातीचं ते ओट्यावरचं गणित घ्या : −३ < २क्ष + १ ≤ ९. तिन्ही घरांतून १ काढा : −४ < २क्ष ≤ ८. तिन्हींना २ ने भागा : −२ < क्ष ≤ ४. रेषेवर −२ शी पोकळ गोल, ४ शी भरलेला ठिपका, मधली रेघ जाड. झालं.

एकच अडचण उरते, ऋण आकड्याने भागायची. पुस्तक म्हणतं, ऋण आकड्याने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटं करा. का, ते पाठ करण्यापेक्षा गव्हाच्या डब्यात बघा. डब्यात ४० किलो गहू आहेत, एकत्र कुटुंबात रोज २ किलो लागतात. वाण्याला नवीन गहू सांगायचे ते डब्यात ६ ते १० किलो उरलेले असताना; आधी सांगितले तर डब्यात मावत नाहीत, उशीर केला तर ऐन वेळी पंचाईत. कितव्या दिवशी सांगायचे?

६ ≤ ४० − २क्ष ≤ १०

तिन्ही घरांतून ४० काढा : −३४ ≤ −२क्ष ≤ −३०. आता −२ ने भागताना चिन्हं फिरवा : १७ ≥ क्ष ≥ १५. सरळ लिहायचं तर १५ ≤ क्ष ≤ १७. पंधराव्या दिवशी १० किलो उरतात, सतराव्या दिवशी ६. दिवस जितके जास्त, गहू तितके कमी! जास्त गव्हाची बाजू कमी दिवसांकडे गेली आणि कमी गव्हाची जास्त दिवसांकडे, म्हणून चिन्ह फिरलं. चिन्ह न फिरवणारं मूल १७ ≤ क्ष ≤ १५ असं लिहितं. तिथेही आपलं बोट आहेच. क्ष झाका, १७ हे १५ पेक्षा लहान का ते विचारा.

उधारीनेही हे समजावता येतं. २ हा ५ पेक्षा लहान. पण वाण्याकडे दोनशेची उधारी असलेली बाई पाचशेच्या उधारीवालीपेक्षा बऱ्या स्थितीत असते, म्हणून −२ हा −५ पेक्षा मोठा.

वहीत उत्तर आल्यावर एक सवय लावा. पट्ट्याच्या आतला एक आकडा आणि बाहेरचा एक आकडा मूळ गणितात घालून बघायचा. गव्हाच्या गणितात १६ घाला : ४० − ३२ म्हणजे ८, सहा आणि दहाच्या मध्ये, ठीक. २० घाला : शून्य, बसत नाही, तेही ठीक. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, भाजीत मीठ बघण्याइतकं.

दुपारी हात रिकामे असतील तेव्हा ही तीन गणितं स्वतः करून पाहा. मुलाला नंतर द्या.

१) ३क्ष − २ < ४ किंवा ३क्ष − २ ≥ १३.

२) क्ष + १ > ८ आणि क्ष − २ < ३.

३) एकीचा रक्तदाब १४२ / ८४, दुसरीचा १३६ / ८८, तिसरीचा १२२ / ९०. पुन्हा मोजून डॉक्टरांकडे कुणी जायचं?

उत्तरं : १) क्ष < २ किंवा क्ष ≥ ५. २) क्ष > ७ आणि क्ष < ५, म्हणून उकल नाही. ३) पहिली आणि तिसरी. तिसरीचा खालचा आकडा बरोबर ९० आहे, आणि ≥ च्या खालच्या रेघेमुळे तोही आत येतो. दुसरीचे दोन्ही आकडे रेघेच्या खाली आहेत. पण रेघ दूर नाही, तिने महिनाभराने पुन्हा मोजून घ्यावं.